आजोबांच्या नावावरची गाडी

मेल्यानंतर माझ्या बापाला नोकरी लागली. लावून दिली माझ्या धाकट्या बहिणीनं. काम सोपं होतं: जिवंत राहायचं, आणि नात चालवते ती गाडी कागदोपत्री आपण चालवायची.

एर्सीलिया लहानपणापासून अशीच. अडलं की वाकवायचं, वाकलं नाही की लपवायचं. तिचा नवरा जर्मनीत कारखान्यात असतो. पैसे पाठवतो, स्वतः येत नाही. खाली समुद्राकाठी कास्तेल्लामारेच्या घरात ती, तिची एकुलती एक मेना आणि आमचे बाबा. मेना एकोणीस वर्षांची झाली आणि सोरेंतोच्या एका हॉटेलात तिला सकाळच्या नाश्त्याच्या पाळीवर घेतलं. उन्हाळा नीट काढलास तर कायम करू, असं मालक म्हणाला. इतक्या पहाटे आमच्याकडं ना बस ना आगगाडी. बाबांची जुनी निळी पांडा गाडी मात्र दारात उभीच होती. बाबांचे गुडघे गेल्यापासून तिच्यावर मांजरं झोपत.

म्हणून एर्सीलिया गल्लीतल्या विमा एजंटाकडं गेली. साबातीनो त्याचं नाव. त्यानं मेनाच्या नावानं आकडा काढून सांगितला, आणि हिला वाटलं तो गाडीची किंमत सांगतोय.

"किंमत नव्हे," साबातीनो म्हणाला, "हा नुसता वर्षाचा विमा. पोरगी एकोणीस वर्षांची, लायसन कालचं, राहायला आपल्या या टापूत. कंपनीला वाटतं, ही उद्याच कुठंतरी धडकणार."

"माझी मुलगी मुंगीला पण वळसा घालते!"

"कंपनी मुंग्या मोजत नाही, एर्सीलिया."

बाबांच्या नावावर तोच विमा पाव किमतीत मिळत होता. पन्नास वर्षं बाबांनी बिस्किटांची गाडी चालवली, कुणाचा साधा आरसा फोडला नाही. तेव्हा ठरलं, गाडी बाबांची, विमा बाबांचा, चालवणार मेना. यात आमच्याकडं कुणाला वावगं वाटत नाही, अर्धं शहर आपापल्या आजोबांच्या नावावर फिरतं. साबातीनोलाही सगळं ठाऊक होतं. "म्हातारा श्वास घेतोय तोवर मी आंधळा," तो म्हणाला. आणखी थोडी सवलत मिळावी म्हणून त्यानं गाडीत एक काळी पेटी बसवून दिली. गाडी किती जोरात गेली, कुठं वळली, कुठं करकचून थांबली, सगळं ती कंपनीला कळवते, आणि दर महिन्याला बाबांच्या फोनवर गुण येतात. शाळेत कधी पास न झालेल्या माणसाला या वयात प्रगतिपुस्तक! बाबा खूप हसले होते.

डिसेंबरात विमा भरला आणि जानेवारीत बाबा गेले.

माझ्याकडं गेले. मी वर डोंगरावर आगेरोलाला राहते, गाई आहेत, चीज करते. नवरा वारला, मुलं नाहीत. बाबा थंडीतले काही दिवस माझ्याकडं आले होते. जेवले, खुर्चीत बसून कॉफी मागितली, आणि मी कॉफी घेऊन आले तोवर संपलं होतं. आमची आईही इथलीच, तिला इथंच पुरलेलं. एर्सीलिया आली, बाबांच्या कपाळाला ओठ लावले, पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "ओलिंपिया, कागद लावायचा नाही."

आमच्याकडं माणूस गेला की भिंतीवर कागद लागतो. काळी चौकट, मोठ्या अक्षरात नाव, खाली टोपणनाव, कारण आमच्या शहरात दर तिसरा पुरुष कातेल्लो. बाबांचं नाव लागलं असतं कातेल्लो दी सोम्मा, बिस्कुटवाला. तो कागद लागेपर्यंत माणूस मेला असं कुणी धरत नाही, डॉक्टरनं लिहून दिलं तरी. आणि खालची कागदाची भिंत नेमकी साबातीनोच्या दुकानाला लागून. तो रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन ती वाचतो, आपलं कोणतं गिऱ्हाईक गेलं ते बघायला.

"अगं, बाप गेलाय आपला," मी म्हटलं.

"मला कळत नाही का? पण साबातीनोनं वाचलं की विमा बंद. विमा बंद की मेनाची नोकरी बंद. परत असं काम मिळतंय का तिला?"

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"तुझ्याकडं राहायला गेलेत म्हणून. खोटं कुठंय त्यात? इथंच तर राहणार आहेत."

मी मोठी बहीण, तिच्या दोन मुस्कटात द्यायला हव्या होत्या. पण मेनाचा चेहरा बघून गप्प बसले. पोरगी कोपऱ्यात उभी राहून आजोबांचे बूट पुसत होती. वरही कागद लावला नाही, कारण आगेरोलातली निम्मी माणसं रोज खालीच कामाला जातात. पाद्री आणि आम्ही तिघी, एवढ्यांत उरकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी गोठ्यात जाऊन गाईंसमोर रडून घेतलं. एर्सीलियाला गायही नव्हती. तिच्या इमारतीत भिंती अशा की एकीकडं शिंकलं तर दुसरीकडून "देव बरं करो" म्हणतात. ती हुंदका देती तर जिन्यातल्या बायका रीतीप्रमाणे सूप आणि कॉफी घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या, कोण गेलं विचारत. म्हणून ती रडली नाही. कपडे वाळत घालताना, बाजारात, जिन्यात, जिथं कुणी विचारेल तिथं तिनं हसून सांगितलं, "बाबा मजेत आहेत. वरच्या हवेनं भूक वाढलीये, पास्ता दोनदा मागतात."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. आमच्या खोट्याला आधी बक्षिसं मिळाली.

सुरुवातीला बाबांच्या फोनवर वाईट गुण येत, तो आता एर्सीलियाकडं होता. 'प्रिय कातेल्लो, वळणावर वेग कमी करा.' एर्सीलिया मेनाला फैलावर घ्यायची. मग ईस्टरच्या सुमाराला गुण चढायला लागले. चढता चढता पैकीच्या पैकी. 'प्रिय कातेल्लो, अभिनंदन.' मेल्या म्हशीला मणभर दूध, मी फोनवर म्हटलं. एर्सीलिया खुशीत होती.

"पण आई, मी काहीच केलं नाही," मेना मागून बोलत होती, मला ऐकू येत होतं. "गाडीच माझ्याआधी ब्रेक लावते."

"मग चांगलंच आहे की! नव्या गाड्यांत त्यासाठी जादा पैसे मोजतात लोक."

मेना उशी घेऊन गाडी चालवते, एवढी बुटकी. रोज पहाटे सीट पार मागं सरकलेली असायची आणि आरसा वर वळलेला. आमचे बाबा म्हणजे शिडी. पण मेनाला वाटलं, गल्लीतली टवाळ पोरं खोडी काढतायत, आणि ती रोज मुकाट्यानं सीट पुढं ओढून घ्यायची.

मग लोकांना बाबा दिसायला लागले. आधी मासेवालीला. "तुझे वडील दिसले काल गाडीत. हात केला, पण थांबले नाहीत." मग न्हाव्याला. एर्सीलिया आनंदानं टाळ्या पिटायची बाकी राहिली. "बघ ओलिंपिया, लोक आपणहून साक्ष देतायत! मला तोंड उघडावंच लागत नाही."

"मेनाला बघून कोण म्हातारा समजेल गं?" मी विचारलं. "केस टोमॅटोसारखे लाल रंगवलेत तिनं."

"काचेवर ऊन पडतं. काहीही दिसतं."

आणि एक दिवस साबातीनोनंच तिला दारात थांबवलं. "कातेल्लोकाका बरे दिसतात," तो म्हणाला. "पण सांग त्यांना, एकदा आत येऊन कॉफी घ्या म्हणावं. काल काच खाली करून माझ्याकडं बघत बसले होते. मी हाक मारली तर काही ओळखच नाही. नुसतं बघत होते, काहीतरी विचारायचंय आणि आठवत नाही असं." त्या दिवशी फोनवर एर्सीलियाचा आवाज जरा उतरलेला होता. पण विमा चालू होता, नोकरी चालू होती, आणि उन्हाळा तोंडावर आला होता.

जूनमधली ती दुपार. आमच्याकडं जेवणानंतरच्या उन्हात कुणी बाहेर पडत नाही. झडपा लावून माणसं आडवी होतात. म्हातारी माणसं म्हणतात, तेवढा वेळ रस्ते मेलेल्यांचे. मी भांडी विसळत होते. गोठ्याखालच्या वळणावर हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. हातातली ताटली निसटली. पन्नास वर्षं बिस्किटं आली हे सांगायला बाबा तसाच हॉर्न वाजवत आले होते, आणि पुढं सवयीनं प्रत्येक वळणावर.

निळी पांडा अंगणात येऊन उभी राहिली. मेना उतरली, हॉटेलच्या पांढऱ्या कपड्यांत, केसांना जाळी तशीच.

"मावशी," ती म्हणाली, "मी इथं कशी?"

काम संपवून ती सोरेंतोहून घरीच निघाली होती. मी तिला बसवलं, टोमॅटो आणि ताजं चीज घालून भिजवलेला पाव दिला. तिनं भुकेल्यासारखा खाल्ला.

"झोप लागली होती का तुला?"

"नाही गं. स्टिअरिंग माझ्याच हातात होतं. पण लहानपणी आजोबा मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचे बघ, आपल्याला वाटायचं आपणच चालवतोय? अगदी तसं."

मी त्याच संध्याकाळी एर्सीलियाला फोन केला. म्हटलं, गाडी वीक, नाहीतर जाळ.

"सप्टेंबरात ती कायम होतेय. मग बघू."

"सप्टेंबरपर्यंत पोरगी राहील का?"

"भुतंखेतं काढू नकोस, ओलिंपिया. पोरगी दमते, चुकून वळली असेल."

"चुकून वळून कुणी दीड हजार वळणं चढतं का?"

"दीड हजार नाहीयेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. अशी ही बाई.

त्यानंतर मेना वरचेवर यायला लागली, नेहमी त्याच दुपारच्या वेळी. मी विचारणं सोडलं. फक्त हॉर्न ऐकला की हात पुसून दारात जायची आणि ती खाऊन परत जाईपर्यंत तिला डोळ्याआड होऊ द्यायची नाही. पोरगी वाळत चालली होती. रंग उडालेला, बोलणं संथ. वाक्य सुरू करण्याआधी 'हं' म्हणायला लागली होती, बाबांसारखं.

मग ऑगस्टमध्ये गाडी अंगणात आली आणि मेना उजव्या बाजूनं उतरली.

आमच्याकडं गाडी चालवणारा डावीकडं बसतो. डावीकडं कुणी नव्हतं. सीट पार मागं होती. इंजिन चालू होतं.

"चालवत कोण होतं?" मी विचारलं.

"आजोबा म्हणाले, तू झोप, मी आहे."

"बोलतात तुझ्याशी?"

"फार नाही." मेनानं टेबलावर हात टेकले. "विचारतात, लोक नुसते हात का करतात? थांबत का नाही कुणी? पत्ते खेळायला का बोलवत नाहीत? मावशी, मी सांगू का त्यांना?"

"काय सांगणार?"

"की ते गेलेत म्हणून. आई म्हणाली होती, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. म्हणून त्यांनाही नाही सांगितलं."

खरं सांगते, मला तेव्हा भीतीपेक्षा लाज वाटली. बापाला आम्ही पुरलं, आणि त्याला कळवलं नाही.

"उद्या ते मला आजीकडं नेणार आहेत," मेना म्हणाली. "आजी कुठं राहते ते आठवत नाही म्हणाले, पण रस्ता सापडेल. लांब आहे म्हणे. कामावर सांगून ठेव, परत यायचं जमणार नाही, असं म्हणाले."

"मेना, तुझी आजी..." मी तिचं मनगट धरलं. थंडगार. "गाडीची किल्ली दे इकडं."

"ती माझ्याकडं कुठंय?"

बाहेर हॉर्न वाजला, दोनदा. मेनानं माझ्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं, शिकवल्यासारखं, आणि मनगट सहज सोडवून घेतलं, जणू मी धरलंच नव्हतं. मी अंगणात धावले तोवर गाडी वळणाआड गेली होती. तिच्या फोनवर रिंग वाजत राहिली, मग तीही थांबली. एर्सीलियानं रात्रभर माझा फोन उचलला नाही.

पुढच्या सकाळी पहिल्या बसनं मी खाली गेले. मेना घरी येऊन झोपून पहाटे परत कामावर गेली होती. गाडीनंच. एर्सीलियानं तोंड उघडायच्या आधी मी तिला मेनाचं एकेक वाक्य ऐकवलं. 'आजीकडं' म्हटलं तशी तिनं गॅस बंद केला. मग तिनं एप्रन काढला, पर्स घेतली, आणि जिना उतरली.

अंत्यविधीच्या दुकानात कागद छापायला वेळ लागत नाही. नाव, टोपणनाव, वय. दुकानातल्या पोरानं विचारलं, तारीख? एर्सीलिया माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजचीच घालूया का?"

मी पोराच्या हातातला कागद माझ्याकडं ओढला.

"जानेवारी," ती म्हणाली. "जानेवारी घाला."

कागद चिकटवणारा माणूस संध्याकाळी येतो. तेवढा वेळ आमच्याकडं नव्हता. आम्ही खळीचा डबा आणि ब्रश मागून घेतला. भर दुपार झाली होती, झडपा बंद, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. खळ एर्सीलियाच्या कोपरापर्यंत ओघळली. आम्ही कागद वाकडाच लावला. साबातीनो जेवायला निघाला होता, किल्ल्या हातात घेऊन बाहेर आला आणि सवयीनं वाचायला लागला.

"जानेवारी?" तो म्हणाला. "पण मी तर परवा..." तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला. दोनदा.

पांडा अगदी सावकाश आली, वळणावर वेग कमी करून, आणि भिंतीसमोर रस्त्याच्या मधोमध थांबली. मेना उजव्या सीटवर होती, डोकं काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले. डावीकडची सीट मागं सरकलेली आणि रिकामी. त्या बाजूच्या काचेचं हँडल हळूहळू फिरलं आणि काच खाली गेली.

मग काहीच झालं नाही. बराच वेळ. पण मला माहीत होतं काय चाललंय. बाबांना वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर ओठांत लावून वाचतात. एर्सीलिया कागदाच्या बाजूला ब्रश धरून उभी होती, शिक्षकानं फळ्यापाशी उभं केलेल्या मुलीसारखी.

मेनानं डोळे उघडले. आवाज तिचाच होता, नेहमीचा.

"आई, आजोबा विचारतायत, जानेवारीत?"

एर्सीलियानं मान हलवली.

"विचारतायत, मग तू रडली कशी नाहीस?"

ब्रश खाली पडला. एर्सीलिया गाडीपाशी गेली, दोन्ही खळभरले हात टपावर टेकले, आणि जानेवारीपासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "बाबा! अहो बाबा!" अशी रडली की गल्लीभर झडपा उघडल्या, बायका बाल्कन्यांत आल्या, कुणी भिंतीवरचा कागद वाचला आणि छातीवर क्रूस काढला. साबातीनोनं टोपी काढली. मीही रडले, गाईंसमोर रडले होते त्याहून जास्त. एर्सीलिया टपावर कपाळ आपटत होती आणि पोर परत मागत होती, आणि बापाची माफी मागत होती, दोन्ही एकाच वाक्यात.

"आई," मेना म्हणाली, "आजोबा म्हणतायत, पुरे आता. लोक बघतायत."

तिनं आपल्या बाजूचं दार उघडलं, एक पाय रस्त्यावर ठेवला, मग दुसरा, आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. तिच्यामागं ते दार कुणीतरी आतून, आवाज न करता, ओढून घेतलं.